माहेरची नोंद

आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर येतात आणि बदली करून घेऊन जातात, अधीक्षक येतात आणि बदलीची वाट बघत बसतात. नोंदणीच्या खिडकीत मात्र गेली बावीस वर्षं मीच आहे. मी मूळची केडगावची. लग्न होऊन नगर जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यात आले, परीक्षा देऊन नोकरीला लागले, आणि तेव्हापासून माझ्या हातचा केसपेपर घेतल्याशिवाय इथे कुणी डॉक्टरपर्यंत पोचलेलं नाही. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते आहे.

माझ्या नाकावर राग असतो, हेही आधीच सांगून टाकते. रांग मोडून पुढे घुसणारा पुढारी असो की ‘मॅडम, फक्त एक मिनिट’ म्हणणारा औषध कंपनीचा टायवाला माणूस असो, माझ्याकडे दोघांनाही वागणूक सारखी. माझ्या मागे लोक मला ‘खिडकीतली मिरची’ म्हणतात. ते मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

सोमवार आमचा बाजाराचा दिवस. वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी एका फेरीत दोन कामं उरकतात, बाजार आणि दवाखाना. रांग दारातून बाहेर जाते, तिथून लिंबाखाली आणि तिथून मोटारसायकली लावतात तिथपर्यंत. डॉक्टरांच्या जागा कागदावर पुरेशा आहेत, खुर्च्यांवर माणसं कमी आहेत. जे आहेत ते बाळंतपण सोडून साप चावलेल्याकडे आणि तिथून अपघाताकडे पळत असतात. आणि या सगळ्याच्या तोंडाशी मी, माझा कॉम्प्युटर आणि माझं तोंड.

कॉम्प्युटर आला तेव्हा आम्हाला नगरला ट्रेनिंगला नेलं होतं. शिकवणारा तरुण फार हुशार होता, त्याने आयुष्यात बाजारच्या दिवशीची रांग बघितलेली नव्हती. आधार नंबर टाका, मोबाईल नंबर टाका, त्यावर ओटीपी येईल, तो टाका, झालं कार्ड तयार. एका पेशंटला दोन मिनिटं, असं त्याने फळ्यावर लिहिलं. मी हात वर करून विचारलं, की म्हाताऱ्याचा मोबाईल मुलाकडे आणि मुलगा उसाच्या फडात असेल तर ओटीपी कुणाला विचारायचा? तो म्हणाला, असे अपवाद फार नसतात. मी मनात म्हटलं, बाळा, अपवादच रांगेत उभे असतात.

तसंच झालं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या अख्ख्या टोळीचा नंबर एकच, मुकादमाचा. बायकांचा नंबर म्हणजे नवऱ्याचा नंबर. सर्व्हर बंद पडला की स्क्रीनवर ते गोल फिरत राहतं आणि पन्नास माणसं माझ्याकडे असं बघतात, जणू मीच ते हाताने फिरवते आहे. त्यात संध्याकाळी वरून फोन, आज किती कार्डं झाली? किती माणसं बरी झाली, असं आजवर एकदाही कुणी विचारलेलं नाही.

तरी मी कॉम्प्युटर शिकले, आणि चांगला शिकले. त्याचं कारण माझं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर.

ते रजिस्टर मला कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. केसपेपर रोजचा असतो, पेशंट घरी नेतो, चुलीपाशी ठेवतो, पोर त्याची होडी करतं. पण काही पेशंट कायमचे असतात. फिट येणारे, दम्याचे, आणि लहान मुलांतले छातीचे. आमच्याकडे पोराचा घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, घरचे म्हणतात वाढीचं दुखणं आहे, आणि तो ताप हळूच हृदयाच्या झडपेपर्यंत जातो. अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं, मोठं होईपर्यंत. दोन-चार चुकली की पहिलं सगळं पाण्यात जाण्याची भीती. त्या वेळचे डॉक्टर मला म्हणाले होते, “बाई, औषध माझ्याकडे आहे, पण तारीख कोण लक्षात ठेवणार?” मी म्हटलं, मी ठेवते. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं.

दिवाळीनंतर खरी गंमत व्हायची. निम्मा तालुका ऊसतोडीला उठायचा. पोरं आईबापांबरोबर जायची, मग माझ्या तारखा कोण पाळणार? म्हणून मी चिठ्ठ्या द्यायला लागले. अर्ध्या कागदावर मुलाचं वय, इंजेक्शनचं नाव, पुढच्या सहा तारखा आणि खाली आमचा शिक्का. आईला सांगायचे, ज्या कारखान्यावर जाशील तिथला सरकारी दवाखाना शोध आणि ही चिठ्ठी दाखव. डॉक्टर हसायचे. उन्हाळ्यात माणसं परत आली की त्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्या दवाखान्यांचे शिक्के असायचे, घामाने पसरलेले, हळदीचे डाग पडलेले. एकदा काष्टीकडच्या कुणा कंपाउंडरने मागे लिहून पाठवलं होतं, ‘चारही वेळा दिले. पोरगी रडत नाही.’ त्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण ते वाचून मला जो अभिमान वाटला, तो नंतर मिळालेल्या कुठल्याही प्रमाणपत्राने वाटला नाही.

ती न रडणारी पोरगी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा आली होती. आईबरोबर यायची. आईच्या हनुवटीवर हिरवं गोंदण, तीन ठिपक्यांचं. ही बाई रांगेत कधी भांडली नाही, कधी ‘आम्हाला लांब जायचंय’ म्हणाली नाही. खिडकीच्या एका बाजूला भिंतीला टेकून उभी राहायची आणि नंबर आला की पोरीला पुढे करायची. इंजेक्शन चांगलंच दुखतं, मोठी माणसं ओरडतात. पोरगी ओठ आवळून यायची आणि लंगडत बाहेर जायची. सहा वर्षं एकही तारीख चुकली नाही. आणि मग एकदम येणं बंद झालं. मी निरोप पाठवले, आशाताईंना घरी पाठवलं. निरोप आला, पोरगी बरी आहे, आता गरज नाही. मी चिडले होते. अजून सात-आठ वर्षं तरी इंजेक्शन हवं होतं. पण घरी जाऊन कुणाच्या दंडाला धरून आणणं माझ्या कामात बसत नाही.

कॉम्प्युटर आल्यावर ठरवलं, लाल रजिस्टर त्यात चढवायचं. ट्रेनिंगवाल्याला फोन केला तर म्हणाला, जुना डेटा लागत नाही. अधीक्षक म्हणाले, कशाला डोक्याला ताप? मी कुणाला न विचारता बसले. दुपारी ओपीडी संपली की दोन ते चार, डबा खाऊन, एक एक नाव. कितीतरी महिने लागले. बोटं दुखायची, चष्म्याचा नंबर वाढला. शेवटचं नाव टाकलं त्या दिवशी मी सगळ्या स्टाफला भेळ दिली. का देते आहे, हे फक्त नर्सबाईंना कळलं.

आता माझी चूक सांगते. मुलींच्या सगळ्या नोंदी मी अर्थातच बापाच्या नावावर चढवल्या. आणि आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात नव्या नवरीचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पहिलं नावसुद्धा जातं. मग रेशनकार्ड नवं, आधारवरचं नाव नवं, गाव नवं. म्हणजे मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की ती माझ्या कॉम्प्युटरातून गायब. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं स्वतःचं नाव असंच बदललेलं आहे, केडगावात मला अजून दुसऱ्याच नावाने हाक मारतात. तरी इतके महिने टाइप करताना डोक्यात आलं नाही. ज्या दिवशी आलं, तो दिवस गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला एक सोमवार.

रांग नेहमीसारखी होती. अकराच्या सुमारास एक मुलगी पुढे आली, सातवा महिना असावा, हिरव्या बांगड्या, चेहरा ओढलेला. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. आधार दिलं, मोबाईल नंबर दिला. सगळी माहिती झरझर स्क्रीनवर आली. सासर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बेलापूरकडे. तिकडच्या आरोग्य केंद्रात वेळेवर नाव नोंदवलेलं, तपासण्या झालेल्या, रक्त थोडं कमी, बाकी ठीक. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात ‘नाही’. मला असं नीटनेटकं रेकॉर्ड दिसलं की बरं वाटतं. मी केसपेपरचं बटण दाबणार इतक्यात बाजूला लक्ष गेलं. खिडकीच्या एका बाजूला, भिंतीला टेकून एक बाई उभी होती. हनुवटीवर तीन ठिपके.

मी मुलीकडे परत बघितलं. ओठ आवळलेले होते.

“तू आमच्याकडे इंजेक्शनला यायचीस ना गं?” मी विचारलं.

मुलगी काही बोलायच्या आत आई पुढे झाली आणि जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली, “बाई, नवीनच लिवा. जुनं काय बी काढू नका.”

“का?”

“पाया पडते तुमच्या. त्यो नंबर जावयाचा हाय. इथं काय बी लिवलं की त्येच्या मोबाईलवर दिसतंय म्हने. त्येंना न्हाई म्हाईत.”

मला सगळं एका क्षणात कळलं. इंजेक्शनं का बंद झाली तेही कळलं. पोरीचं वय वाढत होतं, दर एकवीस दिवसांनी दवाखान्यात जाणारी मुलगी गावाच्या डोळ्यावर येते. आणि आमच्या कोरड्या भागातल्या आईबापांना बेलापूरकडचं, कॅनॉलच्या पाण्याचं स्थळ चालून आलं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पोरगी आता फडात जाणार नाही, कोयता धरणार नाही, बारा महिने हिरवं बघेल. त्यासाठी त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मुलीने सासरी प्रत्येक तपासणीला नवऱ्याच्या देखत ‘पूर्वी काही नाही’ म्हणून सांगितलं. कागदाच्या जमान्यात हे कपाटात पडून राहिलं असतं. आता मी दोन नोंदी एकत्र जोडल्या की नवऱ्याच्या खिशात फोन वाजणार.

मागून ओरडा सुरू झाला. मी खिडकीची फळी लावली. बाजारच्या दिवशी, अकरा वाजता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर जो गोंधळ झाला तो होऊ दिला, आणि दोघींना मागच्या दाराने आत रेकॉर्डच्या खोलीत घेतलं.

मी आईवर तडकले. खोटं कशाला सांगू, फार बोलले. “सहा वर्षं तू हिला उन्हातान्हात आणलीस. काष्टीला फडातून चालत जाऊन इंजेक्शन दिलंस. आणि ऐन वेळी सोडून दिलंस? आता पोटात बाळ आहे, छातीवर दुप्पट ताण आहे. डॉक्टरला सांगितलं नाहीस आणि कळा सुरू झाल्यावर काही झालं तर?”

आई रडत म्हणाली, “मला कळतंय वो बाई. पन त्येंनी हिला परत आनून सोडली तर? लेकरू घिऊन कुठं जाईल ती?”

मी काही देव नाही, खिडकीतली कारकून आहे. नोंद लपवली तर मुलीच्या जिवाला धोका, उघडली तर तिच्या संसाराला.

मग मी आईला म्हटलं, तू जरा थांब. मुलीकडे वळले. “पोरी, नोंद तुझी आहे. जुनी हिला जोडायची का, तू सांग. दम लागतो का?”

इतका वेळ ती खाली बघत होती. म्हणाली, “लागतो. आडवं झोपता येत न्हाई. उशाला दोन गोधड्या घिऊन बसूनच झोपते. सासूबाई म्हनत्यात, पैल्या खेपंला असंच असतं.”

“आणि नवरा?”

“ते विचारत्यात, काय हुतंय. मी न्हाई सांगत.” मग म्हणाली, “लई खोटं बोलले मी त्येंच्याशी.”

“आये, गप,” ती आईला म्हणाली, कारण आई मध्ये बोलायला लागली होती. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, “बाई, तुमचा फोन द्या. आधी मी सांगते. मग जोडा तुमी.”

आठव्या वर्षी न रडणारी पोरगी होती ती. मी फोन दिला. तिने नंबर लावला आणि भिंतीकडे तोंड करून बोलली. तीन-चारच वाक्यं. लहानपणापासून छातीचं दुखणं आहे, तुमच्यापासून लपवलं, आता दम लागतोय, तुम्ही या. पलीकडचं काही ऐकायच्या आत फोन ठेवला आणि मला परत दिला. आवाज हलला नव्हता.

मी खिडकी उघडली, शिव्या खाल्ल्या, आणि तिच्या माहेरच्या नावाने शोधलं. आलं. आठ वर्षं वय, गाव, बापाचं नाव, आणि खाली ओळीने तारखा. प्रत्येक तारीख मी हाताने लिहिलेली आणि मग बोटाने टाइप केलेली. मी दोन्ही नोंदी जोडल्या. स्क्रीनवर हिरवी खूण आली. त्या क्षणी मला त्या गोल फिरणाऱ्या यंत्राबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, हे आपण काय करून बसलो!

डॉक्टर नवे होते, वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. स्क्रीन बघून ते खुर्चीतून उठले. बराच वेळ नळी लावून छाती ऐकली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “या रेकॉर्डशिवाय मी हिला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवली असती. दम तर सगळ्याच गरोदर बायकांना लागतो.” त्यांनी नगरला फोन लावला, हृदयाच्या सोनोग्राफीची वेळ घेतली, अँब्युलन्स सांगितली. बाळंतपण इथे करायचं नाही, हे केसपेपरवर लाल अक्षरात लिहिलं.

अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला सोडून यायची होती. त्यामुळे ती यायच्या आधी नवरा आला. बेलापूरहून मोटारसायकलवर, अंगावर धुळीचा थर. रांग तोवर संपली होती. तो सरळ खिडकीशी आला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. “हे तुमी पाठवलं?”

“मी पाठवलं.”

“ह्या एवढ्या तारखा काय हायेत?”

मी सांगितलं. तो अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत राहिला. तारखा संपेनात. मग त्याची नजर सासूकडे गेली.

“आमाला फसवलंत तुमी,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. “पत्रिका बघितली, शेत बघितलं, समदं बघितलं. एवढंच न्हाई सांगितलं.”

बाईने हात जोडले. “व्हय पाव्हणं, फसवलं. माझी चूक हाय. तिला काय बोलू नका, तिनं आमचं ऐकलं फकस्त.”

त्याची बायको बाकावर बसली होती, त्याच्याकडे बघत होती, नजर खाली घातली नाही तिने. अँब्युलन्स आली. मायलेकी आत बसल्या. तो बसला नाही. मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला, आणि फाट्यावर तो नगरकडे वळला की बेलापूरकडे, ते आमच्या दारातून दिसत नाही.

पुढचे महिने मला चैन नव्हतं. झडप अरुंद झाली आहे, औषधं सुरू केली, इंजेक्शनही पुन्हा चालू केलं, एवढं डॉक्टरांनी चौकशी करून सांगितलं. मग दिवाळीच्या आधी मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्याचं कळलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. जीव भांड्यात पडला. पण नवऱ्याचं काय, हे कॉम्प्युटरात नसतं, आणि डॉक्टरांना विचारायची मला हिंमत झाली नाही. घरी नवऱ्यावर उगाच चिडायचे. एक घर माझ्या बोटाने मोडलं का, हा विचार जायचा नाही. आणि तरीही, पुन्हा तसाच सोमवार आला तर मी काय करीन, असं स्वतःला विचारलं की उत्तर तेच यायचं. त्याचाही मला राग यायचा.

दरम्यान माझ्याच मनाने एक काम सुरू केलं. बाळंतपणाला माहेरी आलेली कुठलीही मुलगी खिडकीत आली की मी विचारते, माहेरचं नाव काय? आणि त्या नावाने शोधते. दोघीजणी अशा सापडल्या, एक फिटची, एक दम्याची. माझं रजिस्टर वाया गेलं नव्हतं, फक्त विचारायचं राहिलं होतं.

मग पौषातला एक सोमवार. ऊसतोडीला न गेलेली सगळी माणसं जणू एकाच दिवशी आजारी पडली होती. साडेनऊलाच सर्व्हर बसला. दीड तास मी तेच वाक्य म्हणत होते, “सर्व्हर बंद आहे, इमर्जन्सी असेल तर आत जा, बाकीचे उद्या या.” घसा बसला होता, डोकं फिरलं होतं. जाळीपलीकडे कुणीतरी रांग सोडून बाजूने पुढे आलं, तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, “उद्या या.”

“उद्या न्हाई जमनार,” पुरुषाचा आवाज.

“सगळ्यांनाच घाई आहे. लांबून आलाय, बाजार करायचाय, माहीत आहे मला. सर्व्हर बंद आहे.”

त्याने खिडकीच्या फळीवर जोरात हात आपटला. माझं पेन उडालं.

“मॅडम, आज एकविसावा दिवस हाय तिचा. उद्या बाविसावा पडतो. बेलापूरवरनं पहाटंच निघालोय त्याच्यासाठी. तिकडं ह्ये इंजेक्शन संपलंय, आन् हिची आई फडात गेली, म्हनून मीच हिला इथं आनली. एक बी दिवस जाऊ द्यायचा न्हाई असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मी न्हाई जाऊ देनार. तुमचा कॉम्प्युटर बंद असंल तर असू द्या. हातानं लिवा. लिवता येतं ना?”

बावीस वर्षांत माझ्या खिडकीत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी मान वर केली. त्याच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि मागे ती उभी होती, ओठ आवळून. पण या वेळी हसू आवरण्यासाठी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाजारच्या दिवशी मला ते अजिबात परवडत नाही. मी चष्मा पुसला, ड्रॉवरमधून कोरा केसपेपर काढला आणि त्याला म्हटलं, “येतं.”